'न्यूज' म्हणजे चार दिशा नव्हेत

दादर स्टेशनबाहेर घेतलेल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात माझ्या भाचीला परवा तेच वाक्य सापडलं: नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ या चार दिशांची आद्याक्षरं म्हणजे 'न्यूज'. मीही शाळेत हेच पाठ केलं होतं. पण हे खरं नाही, आणि पोरांनी ते परीक्षेत लिहावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

'न्यू' म्हणजे नवं. त्याला अनेकवचनाचा 'स' लागला आणि 'नव्या गोष्टी' असा अर्थ झाला. फ्रेंचमध्येही 'नुव्हेल', म्हणजे 'नवी', या शब्दाचं अनेकवचन बातम्यांसाठी वापरतात. इंग्रजीने तोच कित्ता गिरवला. पूर्वी इंग्रजीत स्पेलिंग एन-ई-डब्ल्यू-ई-एस असंही होतं. आता तो मधला दुसरा 'ई' कुठल्या दिशेचा? शिवाय आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची चाल मुख्यतः विसाव्या शतकातली. हा शब्द त्याच्या कितीतरी शतकं आधीचा.

मूळ अनेकवचनाची खूण बराच काळ टिकली. शेक्सपिअरच्या काळात 'या बातम्या' अशा अर्थी 'दीज न्यूज' चालायचं. आज मात्र 'न्यूज इज' असंच म्हणतात, आणि एकच बातमी सांगायची तर 'अ न्यूज' चालत नाही, 'अ पीस ऑफ न्यूज' म्हणावं लागतं.

आपणही संध्याकाळी 'बातम्या लागल्या का?' असंच विचारतो, अनेकवचनात. भाचीला हे लगेच पटलं. तिने पुस्तकातल्या त्या ओळीवर पेन्सिलने काट मारली.