सारखे उपचार आणि न्याय्य उपचार: फरक कुठे पडतो?

"आमच्याकडे सगळ्यांना सारखंच वागवतात," असं दवाखान्यात अभिमानाने सांगतात. त्यात खोटं काही नसतं. पण समान वागणूक दिली म्हणजे समन्याय झाला, असं धरून चाललं की गफलत होते.

रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावतात त्या ऑक्सिमीटरचंच घ्या. चिमटा बोटाला लावला, लाल आणि अवरक्त प्रकाश आरपार गेला, पडद्यावर आकडा आला. यंत्र तेच, पद्धत तीच. पण त्वचेला रंग देणारं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑक्सिमीटरचा आकडा ९२ ते ९६ टक्के असतानाच धमनीतलं रक्त तपासलं, तर काही नमुन्यांत ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्याही खाली निघाला. असे नमुने गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होते, कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के. मुद्दाम भेदभाव कुणीच केला नव्हता. सगळ्यांना एकाच मापाने मोजलं होतं, आणि घोळ त्या मापातच होता.

समानता बघते, किती दिलं. समन्याय बघतो, पदरात काय पडलं.

उलटी चूकही होते, प्रत्येक फरकाला अन्याय म्हणण्याची. तरुणांपेक्षा म्हाताऱ्यांना आजार जास्त, हा नुसता फरक. पण एकाच आजारात एका वस्तीतली माणसं वेळेत निदान होऊन वाचतात आणि दुसऱ्या वस्तीतली उशीर झाल्याने दगावतात, तेव्हा तो अन्याय. आरोग्यातल्या विषमतेच्या ब्रिटिश अभ्यासक मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९०च्या सुमारास लावलेली चाळणी अजून कामाला येते: हा फरक टाळता आला असता का, आणि तो अन्यायाचा आहे का?

वेल्समधले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी तर १९७१ मध्येच लिहून ठेवलं, की जिथे गरज जास्त तिथे चांगली वैद्यकीय सेवा कमी, आणि बाजाराचा जोर वाढेल तसा हा उफराटा नियम अधिकच पक्का होतो. म्हणून लोकांच्या वतीने भांडणाऱ्यांनी नुसता "आणखी एक दवाखाना द्या" असा धोशा लावून भागत नाही. दवाखाना फक्त सकाळीच उघडा असेल, तर रोजंदारीवरचा माणूस दिवसाची मजुरी बुडवून येणार कसा? आलेल्यांची नोंद रजिस्टरात असते. न आलेल्यांकडे मात्र घरी जाऊनच विचारावं लागतं.

घरी सोडताना प्रत्येक रुग्णाच्या हातात छापील सूचनांचा तोच कागद पडतो. एकजण उभ्या उभ्या वाचतो, "कळलं" म्हणतो आणि निघतो. दुसरी बाई कागदाची नीट घडी घालून पिशवीत ठेवते. वाचता येत नाही, हे चारचौघांत सांगायला संकोच वाटतो. हे हेरणारी परिचारिका गोळ्या समोर मांडते आणि म्हणते, "घरी गेल्यावर कोणती कधी घ्याल, मला सांगा बघू." पहिल्याला दोन मिनिटं मिळाली, हिला दहा.