क्लोरो-फ्लोरो-अॅनिलिनच्या ड्रममागचा इतिहास

गोव्यातल्या वेर्णा नाहीतर कुंडईच्या औद्योगिक इस्टेटीत शिफ्टला जाणारी आपली कितीतरी पोरं अशी औषधं हाताळतात ज्यात बेंझिन रिंगवर एक फ्लोरिन बसलेला असतो. नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स, कोलेस्टेरॉलवरची अॅटोरव्हास्टॅटिन, यादी मोठी आहे. गोळी तयार झाल्यावर त्या फ्लोरिनला घाबरायचं कारण नाही. पण काही टप्पे मागे गेलं की ३-क्लोरो-४-फ्लोरोअॅनिलिनसारखा माल येतो (अॅनिलिन म्हणजे रिंगवर नायट्रोजनचा अमाइन गट असलेलं रसायन), नॉरफ्लॉक्सासिनची सुरुवात त्याच्यापासून होते, आणि तिथे घोटाळा असा होतो की "फ्लोरिन आहे म्हणजे काच खाणारं हायड्रोफ्लोरिक अॅसिड" एवढंच लोकांच्या डोक्यात बसलेलं असतं, मग खरा धोका नजरेतून सुटतो.

हा फ्लोरिन रिंगवर बसवायला माणसाला फार झगडावं लागलंय. आंरी मोआसांने १८८६ साली तो पहिल्यांदा वेगळा काढला, त्यासाठी १९०६चं नोबेल मिळालं, त्याच्या आधी प्रयत्न करणाऱ्यांपैकी काहींचे जीव गेले होते. बरं, हा वायू थेट बेंझिनवर सोडला तर रिंगच फुटते, पेट घेतं. म्हणून आडवाट शोधली, १९२७मध्ये बाल्झ आणि शीमान या जर्मन केमिस्टनी डायझोनियमचं (अॅनिलिनपासून बनणारा नायट्रोजनवाला गट) फ्लोरोबोरेट मीठ करून ते तापवायची पद्धत दिली. चालते छान, पण तापवताना नायट्रोजन भसाभस सुटतो, मोठ्या बॅचला धडकी भरवणारं काम.

खरा बदल १९५६ला झाला. अमेरिकेत इलिनॉयमध्ये फ्लोरस्पारच्या, म्हणजे फ्लोरिनच्या खनिजाच्या खाणी, तिथल्याच भूगर्भ खात्यातल्या फिंगर आणि क्रूझ यांनी दाखवलं की रिंगवर नायट्रो गट असेल तर साधं पोटॅशियम फ्लोराइड योग्य सॉल्व्हंटमध्ये तापवून क्लोरिन काढून त्याच्या जागी फ्लोरिन बसवता येतो. यालाच आज हॅलेक्स म्हणतात. आपला ड्रमसुद्धा याच वाटेने येतो: डायक्लोरोबेंझिनचं नायट्रेशन, मग हॅलेक्स, मग नायट्रोचं अमाइन.

गिऱ्हाईक औषधांनी आणलं. १९५८ला यान्सनच्या प्रयोगशाळेत मनोविकारांवरचं हॅलोपेरिडॉल, सत्तरच्या दशकाच्या शेवटी जपानच्या क्योरिनचं नॉरफ्लॉक्सासिन, मग बायरचं सिप्रोफ्लॉक्सासिन, ज्याला अमेरिकेत १९८७ला परवानगी मिळाली. आपल्याकडे १९७०च्या पेटंट कायद्यात औषधाच्या प्रक्रियेला पेटंट होतं, खुद्द औषधाला नव्हतं, ते २००५पर्यंत तसंच चाललं, त्यामुळे भारतीय कंपन्यांनी ही औषधं स्वतःच्या रूटने बनवली आणि गरिबाच्या हातात आली. हे मोठं काम आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो. पुढे कॅन्सरवरचं गेफिटिनिब आलं, तेही याच अॅनिलिनवर उभं आहे.

पण हॅलेक्सची दुसरी बाजूही सांगायला हवी. मार्च १९९०मध्ये इंग्लंडमधल्या स्टॅनलोला शेलच्या प्लांटवर अशीच बॅच चालू असताना रिअॅक्टर फुटला, आणि तपासात निघालं काय, तर सिस्टिममध्ये पाणी शिरलं होतं, त्याने सॉल्व्हंटचं अॅसेटिक अॅसिड झालं आणि ते पुढच्या बॅचमध्ये गेलं. रिसायकल सॉल्व्हंट तपासल्याशिवाय चार्ज करायचा नाही असं सुपरवायझर ओरडतो ना, ते उगाच नाही.

गोव्यात केमिकल म्हटलं की लोक सावध होतात, त्यालाही कारण आहे. केरीचं नायलॉन ६,६ कारखान्याविरुद्धचं आंदोलन आणि १९९५च्या जानेवारीत त्यात जीव गेलेला नीलेश नाईक फोंड्याकडे कोणी विसरलेलं नाही. ती सावधगिरी चांगलीच, पण प्लांटमध्ये काम करणाऱ्याला नेमकी माहिती लागते.

तर नेमकं असं. या ड्रममधला फ्लोरिन रिंगला घट्ट धरून असतो, नेहमीच्या तापमानाला सुटत नाही. विष आहे ते अमाइनचं. ते कातडीतून आत जातं आणि रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडवतं, मग ओठ-नखं निळसर पडतात, डोकं दुखतं, धाप लागते, आणि हे कधी कधी काही तासांनी, माणूस घरी पोचल्यावर दिसतं. माल पंचेचाळीस डिग्रीच्या आसपास वितळतो, म्हणून वितळवायला ड्रम गरम करतात, तेव्हा वाफ वाढते, लोकल एक्झॉस्ट चालू पाहिजेच. मे महिन्यात घामाने ग्लोव्हज नकोसे होतात हे खरंय, पण ओल्या, गरम कातडीतून हे आणखी सहज शिरतं. आणि शिफ्टनंतरचा पेग त्या दिवशी तरी नको, दारूने अॅनिलिनची बाधा वाढते हे जुन्या डाय कारखान्यांपासून माहीत आहे.

अंगावर सांडलं तर आधी कपडे काढायचे, मग साबण आणि भरपूर पाणी. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल असतं ते हायड्रोफ्लोरिक अॅसिडसाठी, इथे त्याचा उपयोग नाही. आग लागली तर मात्र धुरात तेच अॅसिड येतं, म्हणून ब्रीदिंग सेट घातल्याशिवाय कोणी आत धावू नये. माणसाला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नेताना सेफ्टी डेटा शीट बरोबर द्या आणि अॅनिलिन आहे हे स्पष्ट सांगा, कारण यावर मिथिलीन ब्लू देतात, आणि ज्याला जी-सिक्स-पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता आहे त्याला तेच बाधू शकतं, डॉक्टरला ते आधी कळायला हवं.