फोन हाताशी ठेवून गृहपाठ लवकर उरकतो का?
मोबाइल शेजारी ठेवून, मधूनमधून संदेशांना उत्तरे देत गृहपाठ केला तर वेळ वाचतो, कारण आजच्या मुलांना अनेक कामे एकदम जमतात, हा समज पुण्यातल्या अनेक घरांत पक्का बसला आहे. तो चुकीचा आहे. विचार करावा लागणारी दोन कामे मेंदू एकत्र करत नाही, तर एकावरून दुसऱ्यावर उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला थोडा वेळ गमावतो. २००१ साली रुबिनस्टाइन, मेयर आणि इव्हान्स या अमेरिकी संशोधकांनी प्रयोगांतून हेच दाखवले. काम गुंतागुंतीचे असेल तर हा तोटा वाढतो, असेही त्यांना आढळले.

कोथरूडमधल्या आमच्याच घरी सहावीतला भाचा २४ आणि ३६ यांचा लसावि काढत होता. अवयव पाडून झाले, तेवढ्यात फोन थरथरला, आणि वहीकडे परतल्यावर त्याने ७२ ऐवजी १२, म्हणजे चक्क मसावि, लिहून टाकला. उत्तर पाठवायला अर्धे मिनिटही लागले नसेल, पण गणित पहिल्यापासून मांडावे लागले. हा वेळ कोणीच हिशेबात धरत नाही.

शेंगा सोलता सोलता पाढे म्हणणे मात्र खुशाल चालते, कारण सरावलेल्या हातांना विचार लागत नाही. आमच्याकडे फोन आता गृहपाठ होईपर्यंत स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर असतो.