वीस ऑपरेशनं, शून्य मृत्यू: किडनी कॅन्सरच्या उपचारांचा दर्जा मोजायचा कसा?

‘किडनी कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत शंभर टक्के यश’ अशी जाहिरात वाचली की परभणी-नांदेडकडच्या पेशंटला धीर येतो. तो आकडा खोटा असतोच असं नाही. पण खरा असूनही तो दर्जाबद्दल फारसं सांगत नाही. हे समजायला शाळेतला गुणाकार पुरे.

अख्खी किडनी काढल्यावर ३० दिवसांत १०० पैकी एक रुग्ण दगावतो, असं चांगल्या केंद्राबद्दल धरू. म्हणजे प्रत्येकाची वाचण्याची शक्यता ०.९९. वर्षात २० ऑपरेशनं झाली, तर एकही मृत्यू न होण्याची शक्यता काढायला ०.९९ हा आकडा २० वेळा मांडून गुणायचा. उत्तर ०.८२. आता तिप्पट मृत्यू होणारं, म्हणजे शंभरात तीन दगावणारं केंद्र घ्या. ०.९७ तसाच गुणला की ०.५४ येतात. म्हणजे तिप्पट धोका असलेल्या केंद्राचीही निम्म्याहून जास्त वर्षं शून्य मृत्यूची जातील आणि तीच जाहिरात तिथेही लागेल! १०० ऑपरेशनांनंतर हेच आकडे ०.३७ आणि ०.०५ होतात, तेव्हा कुठे फरक दिसू लागतो. छोट्या केंद्रात किडनीच्या गाठीची १०० ऑपरेशनं व्हायला कित्येक वर्षं जातात. तोवर सर्जन आणि भूलतज्ज्ञही बदललेले असतात.

क्वचित घडणाऱ्या गोष्टीतून माहिती थेंबाथेंबाने मिळते. म्हणून जी गोष्ट प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत करायची किंवा टाळायची असते, ती मोजावी. किडनी कॅन्सरमध्ये असा उत्तम निकष आहे. गाठ ४ सेंमी किंवा त्याहून लहान आणि किडनीपुरतीच असेल, तर शक्यतो तेवढी गाठच काढायची आणि उरलेली किडनी वाचवायची. मधुमेह आणि बीपी असलेल्या माणसाला पुढे डायलिसिसपासून दूर ठेवण्यासाठी हे फार मोलाचं असतं. काम मात्र नाजूक. किडनीची धमनी चिमट्याने बंद करायची, गाठ कापायची, टाके घालायचे आणि हे सगळं साधारण २५ ते ३० मिनिटांत उरकायचं, कारण रक्ताविना किडनीच्या पेशी मरू लागतात. ज्याला हा सराव नाही तो सर्जन सोपा मार्ग म्हणून पूर्ण किडनीच काढतो.

समजा, चांगल्या केंद्रात अशा १० ऑपरेशनांपैकी ७ मध्ये किडनी वाचते आणि दुसऱ्या एका केंद्राने २० पैकी ८ च वाचवल्या. चांगल्या केंद्रात निव्वळ योगायोगाने ८ किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता हजारात ५ एवढीच. रुग्ण तेवढेच २०, पण मृत्यूच्या आकड्याने जे लपवलं ते इथे उघडं पडलं.

आता यातली मेख. गाठ बाहेरच्या कडेला असणं आणि रक्तवाहिन्यांना खेटून आत असणं यात मोठा फरक आहे. हिंगोलीहून, धाराशिवहून अवघड केसेस छत्रपती संभाजीनगरला पाठवल्या जातात, त्यामुळे तिथली टक्केवारी खाली येते. यावर उपाय म्हणजे सीटी पाहून प्रत्येक गाठीला ४ ते १२ गुण द्यायचे (याला नेफ्रोमेट्री स्कोअर म्हणतात), त्यात वय आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) धरायचं आणि त्या रुग्णात किडनी वाचण्याची अपेक्षित शक्यता काढायची. सगळ्या शक्यतांची बेरीज म्हणजे ‘अपेक्षित’ संख्या. प्रत्यक्ष संख्येला तिने भागा. भागाकार १ च्या बराच खाली आला, तर केंद्राला प्रश्न विचारायला हवा.

बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा सुईने काढून तपासणं, हीही अशीच प्रत्येक रुग्णात मोजता येणारी गोष्ट. शस्त्रक्रियेऐवजी सुईने गाठ जाळायची किंवा गोठवायची असेल, तर आधी तुकडा तपासलाच पाहिजे. ४ सेंमीपर्यंतच्या गाठींपैकी साधारण पाचातली एक साधी, म्हणजे कॅन्सर नसलेली निघते. ‘लोखंड लागलं की कॅन्सर पसरतो’ ही गावोगावची समजूत इथे आडवी येते. सुई बाहेरच्या नळीतून आत-बाहेर केली जाते. तिच्या वाटेत कॅन्सर रुजणं अत्यंत दुर्मीळ आहे. ही भीती घालणारे काढेवाले रुग्णाचे महिने वाया घालवतात.

महिने आणखी एका ठिकाणी जातात. लघवीतून न दुखता रक्त आलं, तरी उन्हाळी लागली म्हणून सब्जाचं, धण्याचं पाणी चालू राहतं. म्हणून पहिली तक्रार, सोनोग्राफी, सीटी आणि ऑपरेशन या चारही तारखा केसपेपरवर हव्यात.

या सगळ्या भागाकारांत छेद पूर्ण असेल, म्हणजे प्रत्येक रुग्णाचं पुढे काय झालं ते माहीत असेल, तरच अर्थ. डिस्चार्जनंतर किनवटच्या घरी दगावलेला माणूस रुग्णालयाच्या वहीत जिवंतच राहतो. १९८७ साली बार्शीला सुरू झालेल्या देशातल्या पहिल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीने हे ओळखलं होतं. तिथले कर्मचारी भूम-परांड्याच्या गावांतही स्वतः जाऊन रुग्ण शोधत. रुग्णालयानेही ३० व्या आणि ९० व्या दिवशी फोन करावा. बीडचं कुटुंब ऊसतोडीला गेलं की दिवाळीनंतर चार-सहा महिने गावात सापडत नाही, म्हणून नातेवाइकाचा, मुकादमाचा आणि आशाताईंचा असे तीन नंबर दाखल करतानाच घ्यावेत. तरीही जो सापडला नाही त्याला ‘बरा’ धरू नये आणि वगळूही नये. त्याचा ‘पत्ता नाही’ असा वेगळा रकाना अहवालात छापावा.