हेडफोनचा एकच कान वाजतोय? प्लेअर दुकानात आणण्याआधी हे वाचा

एका कानाला आवाज नाही, पिन फिरवली की आवाज येतो-जातो, नुसती खरखर ऐकू येते. म्युझिक प्लेअर घेऊन येणाऱ्या ग्राहकांच्या या नेहमीच्या तक्रारी. यातली बरीच कामं घरच्या घरी होतात आणि तुम्ही ती घरी केलीत तर आम्हाला आनंदच आहे. टाचणी घालून बिघडवलेला जॅक (पिन जिथे घालतो ते भोक) दुरुस्त करणं त्याहून फार कटकटीचं.

दोष प्लेअरचा की हेडफोनचा?

तोच हेडफोन दुसऱ्या एखाद्या यंत्राला लावून बघा. तिथेही तोच कान बंद असेल तर वायर आतून तुटली आहे, बहुधा पिनेच्या अगदी जवळ. प्लेअर उघडायची गरज नाही. सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या आवाजाचा बॅलन्स एका बाजूला सरकलेला नाही ना, तेही पाहून घ्या.

एक तक्रार जरा चमत्कारिक असते: वाद्यं ऐकू येतात, पण गायकाचा आवाज जवळजवळ गायब. साध्या 3.5 मिमी पिनेच्या टोकावर डावा कान, मधल्या कड्यावर उजवा आणि बुडाच्या भागावर दोघांची सामाईक अर्थ (परतीची जोडणी) असते. अर्थ सुटली की डाव्या-उजव्या आवाजातला फरक तेवढा ऐकू येतो. गायकाचा आवाज सहसा दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून तो वजा होतो. पिन पूर्ण आत बसली नसेल तरी असं होतं. माइकवाल्या हेडफोनच्या पिनेवर तीन रेघा असतात. काही जुन्या प्लेअरशी ती नीट जुळत नाही. दोन रेघांची साधी पिन लावून खात्री करा.

साफसफाई

पिन आणि प्लेअर यांच्यात फट राहत असेल तर जॅकच्या तळाशी खिशातली लव साठली आहे. दर वेळी पिन घालताना ती आणखी दाबली जाते. प्लेअर बंद करा, टॉर्चच्या उजेडात लाकडी टूथपिकने कडेकडेने हळू उकरा आणि रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, वाफ आत जाते. टाचणी, सेफ्टी पिन, उघडलेली स्टेपल यांपैकी काहीही नको: आतल्या पातळ पट्ट्या एकदा वाकल्या की पिनेला धरत नाहीत.

किनारपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत या पट्ट्या काळवंडतात. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब पिनेला लावून ती काही वेळा आत-बाहेर करा, पूर्ण वाळू द्या आणि मगच प्लेअर चालू करा. खोबरेल आणि शिलाई मशीनचं तेल घातलेले जॅकही आमच्याकडे येतात. कृपया नको.

स्पीकर असलेल्या प्लेअरमध्ये पिन घातली की स्पीकर बंद करणारा स्विच जॅकमध्येच असू शकतो. तो अडकला तर हेडफोन काढल्यावरही स्पीकर मुका राहतो. त्यावरही आधी हीच सफाई करून बघा.

आमच्याकडे काय होतं

पिन बाजूला दाबून धरली की आवाज येतो, म्हणजे बहुतेक वेळा जॅकला बोर्डाशी जोडणारा डाख (सोल्डर) तडकलेला असतो. आम्ही आधी बॅटरी सोडवतो, मग फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावायचा पदार्थ) लावून सांधा पुन्हा वितळवतो. कथील-शिशाचा डाख साधारण 183 अंश सेल्सिअसला वितळतो, बिनशिशाच्या डाखाला 217 अंशांच्या पुढे जावं लागतं. जॅकचा अर्थचा पाय तांब्याच्या रुंद पट्ट्याला जोडलेला असल्याने उष्णता खेचून घेतो. तिथे घाई केली, जोर लावला, तर बोर्डावरचं तांबंच उखडतं. तसं आधीच झालं असेल तर बारीक इनॅमल तारेने जोड द्यावा लागतो. जॅकच झिजला असेल तर बदलतो. तोच आकार बाजारात मिळाला नाही तर बंद पडलेल्या जुन्या प्लेअरमधून काढून बसवतो, आणि तसं तुम्हाला सांगतो.

ॲपलच्या आयपॉड क्लासिक या प्लेअरची गोष्ट वेगळी. 2014 मध्ये त्याची विक्री बंद झाली, तरी गाण्यांचा मोठा संग्रह असलेले लोक तो सोडत नाहीत. त्यात जॅक आणि होल्ड बटण (बाकीची बटणं लॉक करणारं) एकाच लवचिक पट्टीवर मागच्या धातूच्या झाकणाला बसवलेले असतात. तिथे डाख देण्यापेक्षा अख्खी पट्टीच बदलतो. झाकण फार घट्ट असतं. उघडताना कडेला खुणा राहू शकतात, हे आधीच मान्य असेल तरच काम घेतो. आत झाकण आणि बोर्ड जोडणाऱ्या पट्ट्या आखूड आहेत, झाकण झटक्यात ओढलं की त्या फाटतात. म्हणून हा प्लेअर घरी उघडू नका. फोन करताना मागचा क्रमांक (उदा. ए 1238) आणि किती जीबी आहे तेवढं सांगा, कारण पट्टी मॉडेलप्रमाणे बदलते.

बॅटरी फुगून झाकण वर आलं असेल तर चार्जिंग लगेच थांबवा आणि झाकण दाबू नका.

दर आणि हमी

तपासणीचे पैसे नाहीत. खर्च आधी फोनवर सांगतो, तुम्ही हो म्हटल्यावरच काम सुरू. बदललेल्या जॅकला तीन महिन्यांची हमी. पाणी गेलेल्या प्लेअरला हमी देत नाही. जॅकच्या कामात गाण्यांना धक्का लागत नाही, तरी जमल्यास एक प्रत काढून ठेवा. येताना रोज वापरता तोच हेडफोन आणा, आम्ही त्यावरच वाजवून दाखवतो.