हत्तीच्या कानाला पाणी किती?

नर्सरीतून अलोकेशिया या हत्तीच्या कानासारख्या पानांच्या शोभेच्या झाडाची कुंडी घेताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: पाणी किती घालायचं? विक्रेता काहीही सांगो, घरी आल्यावर नियम लागतो तो आठवणीतल्या अळवाचा. अळू म्हणजे मोरीच्या सांडपाण्यावर, विहिरीच्या काठाला, कोकण-गोव्यातल्या बागांत पाटाच्या कडेने आपसूक माजणारं झाड. मग तसल्याच पानांच्या या महागड्या पाहुण्याला रोज तांब्याभर पाणी द्यायला काय हरकत आहे? थोड्याच दिवसांत देठ बुडाशी मऊ पडतात, पानं माना टाकतात. ती तहानेली दिसतात म्हणून आणखी पाणी पडतं आणि झाड जातं.

हत्तीच्या कानासारखी पानं असलेली म्हणून जी झाडं विकली जातात, ती सगळी सुरणाच्या कुळातली असली तरी एका प्रजातीची नाहीत. आपलं अळू म्हणजे कोलोकेशिया. त्याच्या जोडीला अलोकेशिया, झँथोसोमा आणि रंगीत पानांचं कॅलेडियम. रूप सारखं, पण मुळांच्या सवयी फार वेगळ्या.

अळवाचा देठ आडवा चिरून पाहा. आत बारीक पोकळ्यांची जाळी दिसेल. या पोकळ्यांतून पानांकडची हवा थेट मुळांपर्यंत उतरते. मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो आणि पाण्यातून तो हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट संथ सरकतो. म्हणूनच चिखलात साध्या झाडाची मुळं गुदमरतात. अळू मात्र स्वतःची हवा वरून आणतं, त्यामुळे त्याला चिखल मानवतो.

अलोकेशियाच्या अनेक जाती आग्नेय आशियाच्या जंगलांतल्या. कुठे पालापाचोळ्याच्या भुसभुशीत थरात, कुठे चुनखडीच्या उतारावर त्या वाढतात. तिथे पाऊस भरपूर, पण पडलेलं पाणी थांबत नाही. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारी, गडद पानांवर पांढऱ्या शिरा असलेली ‘पॉली’ तर जंगलातलीही नाही. ती ‘अमेझॉनिका’ या संकराचं बुटकं रूप. नावावरून दक्षिण अमेरिका आठवते, पण हा संकर मायामीतल्या ‘अमेझॉन’ नावाच्या नर्सरीत विसाव्या शतकाच्या मध्याला तयार झाला आणि त्याच्या पालकांपैकी एक जात फिलिपिन्सची आहे. या झाडाला निव्वळ बागेतली काळी माती दिली की कुंडीत चिखल होणारच. मातीत निम्म्याहून जास्त वाटा नारळाच्या सोडणाचे तुकडे, विटांचा चुरा, लोणारी कोळसा, पर्लाइटचे हलके पांढरे दाणे अशा गोष्टींचा असावा. कुंडी मुळांच्या पसाऱ्यापेक्षा थोडीशीच मोठी हवी. बोट दोन पेरं खुपसून पाहावं, कोरडं लागलं तरच पाणी घालावं आणि बशीत साठलेलं ओतून टाकावं.

परसातलं अळू फ्लॅटच्या गॅलरीत लावायचं तर याच्या नेमकं उलट वागा. मोठी कुंडी, भरपूर शेणखत, सकाळचं ऊन. हवी तर कुंडी पाण्याच्या टबातच ठेवा. पण टबात साचलेलं स्वच्छ पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाला आमंत्रण. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा टब ओतून, घासून पुन्हा भरायचा, किंवा त्यात गप्पी मासे सोडायचे.

अळू आणि अलोकेशिया यांतला फरक ओळखायचा कसा? अळवाचा देठ पानाला खाचेपाशी न जुळता मागच्या बाजूने, काठापासून आत जुळतो आणि पानाचं टोक जमिनीकडे झुकतं. मोठ्या अलोकेशियांची पानं बहुधा टोक वर करून उभी राहतात. मात्र देठाची खूण पॉलीसारख्या छोट्या जातींत फसवते, कारण त्यांचाही देठ आतच जुळलेला असतो. त्यापेक्षा पानावर पाणी शिंपडा. अळवावर त्याचे टपोरे मोती होऊन घरंगळतात, पॉलीच्या चकचकीत पानावर ते पसरतं.

अळवावरचं हे पाणी आपल्या म्हणण्यात फार जुनं, पण त्यामागचं कारण नीट उलगडायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. बॉन विद्यापीठातल्या विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये कमळाबरोबर अळवाच्याही पानांचा अभ्यास मांडला. पानावर सूक्ष्म उंचवटे आणि त्यांवर मेणाचे त्याहून सूक्ष्म स्फटिक असतात. थेंब जेमतेम टोकांवर टेकतो आणि घरंगळताना धूळ, बुरशीचे बीजाणू सोबत घेऊन जातो. घरातल्या झाडांची पानं दूध, खोबरेल किंवा दुकानातल्या चकाकीच्या फवाऱ्याने पुसायची हौस असलेल्यांनी निदान अळवाला तरी सोडावं. हा मेणाचा थर गेला की पानाची आपोआप होणारी सफाईही गेली. चकचकीत अलोकेशियाची धूळ मात्र पुसायलाच हवी, तीही नुसत्या ओल्या फडक्याने. पुसताना पानाची पाठही पाहावी. एसीच्या कोरड्या हवेत तिथे कोळी ही बारीक कीड बसते आणि पान हळूहळू फिकट, ठिपकेदार होतं. सुरुवातीला पाण्याच्या जोरदार धारेने पाठ धुतली तरी बराच आटोक्यात येतो.

सकाळी पानाच्या टोकाला थेंब लटकलेला दिसतो, खाली फरशी ओली असते. यात घाबरण्यासारखं काही नाही. रात्री पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची श्वासाची सूक्ष्म छिद्रं, मिटतात, पण मुळं पाणी ओढतच राहतात. तो दाब टोकाशी असलेल्या छिद्रांतून पाणी बाहेर ढकलतो. रोजच फार गळत असेल तर पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घालावं.

पान तोडताना हातमोजे घालावेत. या कुळातल्या झाडांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांचे जुडगे असतात. पान चावलं की त्या तोंडाच्या, घशाच्या त्वचेत घुसतात. आग होते, सूज येते. वडीच्या अळवातही चिंच-आमसूल विसरलं किंवा कच्चं राहिलं की घसा खवखवतो, मग शोभेच्या जातींची काय कथा! त्यांची वडी करून पाहायचा मोह मुळीच नको. रांगतं मूल, कुत्रा किंवा मांजर घरात असेल तर कुंडी उंचावर ठेवा. कुणी पान चावलंच तर तोंड धुवावं आणि सूज वाढताना दिसली की थेट डॉक्टरांकडे जावं.

अलोकेशियाबद्दलची मोठी तक्रार म्हणजे नवं पान आलं की जुनं पिवळं पडतं. हा बहुतेक वेळा रोग नसून काटकसर असते. जुन्या पानातलं नत्र, पालाश, मॅग्नेशियम झाड परत ओढून नव्याला देतं. म्हणून पान पूर्ण पिवळं होईपर्यंत कापू नये. पण नवं पान न येता एकदम दोन-तीन पिवळी पडली तर कुंडी उपडी करून मुळं पाहावीत. तपकिरी, बुळबुळीत मुळं कापून नव्या कोरडसर मिश्रणात झाड लावावं.

थंडीत मात्र सगळीच पानं जाऊ शकतात. रात्रीचं तापमान १५ अंशांखाली राहू लागलं की वाढ थांबते. मुंबईत हे क्वचित होतं, पुण्या-नाशकात दरवर्षी होऊ शकतं. बुंध्याशी दाबून पाहा. कंद टणक असेल तर झाड जिवंत आहे, पिष्टाची ठेव जमिनीत सांभाळून बसलंय. या काळात खत पूर्ण बंद, पाणी अगदी माती धूळ होऊ नये इतकंच. न्यू जर्सीसारख्या ठिकाणच्या मराठी घरांत अळू लावणारे हिमतुषार पडण्याआधी कंद काढून तळघरात कोरड्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशात, ठेवू शकतात. आपल्याकडे कुंडी नुसती भिंतीच्या आडोशाला सरकवली तरी भागतं. होळीच्या सुमारास रात्री उबदार झाल्या की कोंब दिसेल. त्याला पहिलं पान फुटल्यावर मगच पाणी वाढवायचं. कंदाच्या आजूबाजूला हरभऱ्याएवढ्या तपकिरी कंदिका सापडल्या तर त्या फेकू नका. झाकणाच्या डब्यात ओलसर कोकोपीटवर ठेवून उबेत राहू दिल्या तर काही आठवड्यांत रुजतात.