कर्जच नाही, मग सिबिल भारी? छे!

"आयुष्यात एक रुपयाचं कर्ज नाही, माझा सिबिल टॉपच असणार!" धायरीत वन बीएचके बघणारा मामेभाऊ छाती फुगवून म्हणाला. पुण्यात घरोघरी हाच समज. सिबिलचा, म्हणजे कर्ज देताना बँक बघते त्या स्कोअरचा रिपोर्ट काढला, तर स्कोअरच्या जागी उणे 1. म्हणजे वाईट नव्हे, पाटीच कोरी. 300 ते 900 मधला आकडा ठरतो तो उधारी कशी फेडली यावरून. पगार आणि खात्यातली शिल्लक त्यात धरतच नाहीत. मग फेडीची नोंद तयार व्हावी म्हणून त्याला एफडी तारण ठेवून मिळणारं क्रेडिट कार्ड घ्यायला लावलं. पेट्रोल, वीजबिल त्यावर, आणि दर महिन्याला पूर्ण बिल भरायचं, 'मिनिमम ड्यू' म्हणजे नुसती किमान रक्कम नव्हे. आणि हो, स्वतःचा रिपोर्ट पाहिल्यानं स्कोअर घसरतो ही आणखी एक अफवा. वर्षातून एकदा रिपोर्ट फुकट मिळतो.